हे इथं कुठं दिसतं?

सातपुड्यातल्या काठी गावच्या राजवाडी होळीचं आमच्या बातम्यांच्या वाहिनीवरचं लाइव्ह संपलं तेव्हा नुकतं उजाडत होतं. रात्रभर वाजून ढोल दमले होते, पण थांबले नव्हते. हवेत राखेचा, मोहाच्या दारूचा आणि घामाचा वास. कमरेला घुंगरं आणि भोपळे बांधलेली, अंगभर राखेचे ठिपके काढलेली माणसं जागा मिळेल तिथं टेकत होती. मी आमच्या डिशवाल्या गाडीच्या मागच्या दाराशी केबल गुंडाळत होतो. एक म्हातारे बाबा मोरपिसांचा टोप मांडीवर घेऊन गाडीतल्या मॉनिटरकडे टक लावून बसले होते. शेजारी गावातल्या शाळेवरचे गुरुजी. बाबा त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाले. गुरुजींनी मराठीत सांगितलं, “विचारताहेत, हे चित्र गेलं कुठं?” मी सवयीनं वर बोट केलं. वर, तिथून मुंबईला, मुंबईहून सगळीकडे, दुबईतसुद्धा दिसत असेल आत्ता. बाबांनी आधी आभाळाकडे पाहिलं, मग पलीकडच्या पाड्याकडे, आणि आणखी काहीतरी विचारलं. गुरुजी हसले. “म्हणतात, मग इथं कुठं दिसतं?”

इथं कुठंच दिसत नव्हतं. लाइट आदल्या संध्याकाळीच गेलेली. मोबाइलला रेंज हवी तर टेकडी चढायची. मी “मोलगीला दिसेल एखाद्या हॉटेलात” असं काहीतरी पुटपुटलो. ड्रायव्हरनं गाडी चालू केली, कारण दुपारी आम्हाला नंदुरबारला एका मंत्र्यांच्या पत्रकार परिषदेला उभं राहायचं होतं. घाट उतरताना बाकीचे झोपले. मला झोप लागेना.

लागेना, कारण त्या प्रश्नाचं खरं उत्तर मला येत होतं आणि ते फार विचित्र होतं. आमच्या गाडीवरच्या डिशमधून निघालेला सिग्नल ३५,७८६ किलोमीटर वर उपग्रहाला पोचला. उपग्रहानं तो परत खाली टाकला, पण एकट्या मुंबईवर नाही. उपग्रहाला मुंबई वेगळी काढता येत नाही, त्याचा झोत अख्ख्या देशावर पडतो. म्हणजे काठीची होळी काठीवरही पडली. मग वाहिनीच्या टेलीपोर्टनं, म्हणजे मोठ्या डिशांच्या जमिनीवरच्या केंद्रानं, ती उचलली, त्यावर खालची पट्टी आणि वरचा लोगो चढवून पुन्हा वर पाठवली, आणि ती परत एकदा सगळ्या देशावर पडली. त्यात परत काठी. बाबांच्या मोरपिसांवर त्यांचंच नाचणं त्या पहाटे दोनदा येऊन पडलं होतं. झेलायला तिथं काही नव्हतं, एवढंच.

मी मूळचा धुळे जिल्ह्यातला. घरात अहिराणी, शाळेत मराठी, आणि डिप्लोमाला जे काही इंग्रजी म्हणून होतं ते. २००७-०८च्या सुमाराला मराठीत चोवीस तास बातम्यांच्या वाहिन्या आल्या आणि टीव्ही दुरुस्त करणाऱ्या माझ्यासारख्या पोरांना अचानक भाव आला. आमच्या गाडीला लोक ओबी व्हॅन म्हणत. खरं तर ओबी ही क्रिकेटच्या मैदानाबाहेर उभी राहते ती बारा कॅमेऱ्यांची थोरली गाडी. आमची ती डीएसएनजी, म्हणजे टपावर डिश, पोटात चित्र दाबणारा एन्कोडर आणि सिग्नलला जोर देणारा अॅम्प्लिफायर, मागं जनरेटर. पण हे सांगत बसायला वेळ कुणाला? पोरं धावत यायची ती “ओबी उनी, ओबी उनी” करतच. मीही पुढं ओबीच म्हणायला लागलो.

गाडी उभी करणं हेच निम्मं काम. जमीन सपाट हवी, जॅक लावून चाकांवरचा भार काढायचा, म्हणजे कुणी आत चढलं तरी डिश हलत नाही. मग आभाळ बघायचं. दक्षिणेला झाड नको, पाण्याची टाकी नको, विजेची तार नको. खानदेशातून ८३ अंश पूर्वेचा उपग्रह पकडायचा तर डिश दक्षिणेकडे, थोडी पूर्वेला कलती, आणि जमिनीपासून साधारण ६४ अंश वर उचललेली. म्हणजे जवळजवळ डोक्यावरच. हे आपलं नशीब आहे हे मला फार उशिरा समजलं. युरोपातल्या उत्तरेकडच्या देशांत हेच उपग्रह क्षितिजाला टेकलेले असतात, समोरची इमारतसुद्धा आडवी येते. आम्ही सातपुड्याच्या दरीत उभे राहिलो तरी डोंगर आडवा येत नसे. डिश सातपुड्याकडे पाठ करून अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे कुठंतरी बघत असे. उपग्रहाचा बीकन, म्हणजे त्याचा ओळखीचा सिग्नल, स्पेक्ट्रम अॅनालायझरवर, म्हणजे सिग्नल दाखवणाऱ्या पडद्यावर, काट्यासारखा उभा राहिला की एनओसीला, म्हणजे उपग्रहावर लक्ष ठेवणाऱ्या नियंत्रण केंद्राला, फोन. “सर, लॉक झालाय, अप होऊ का?” म्हणजे सिग्नल वर सोडू का. पलीकडचा माणूस आधी ध्रुवण, म्हणजे लहर उभी की आडवी, बरोबर आहे का ते तपासणार, शेजारच्याच्या कॅरिअरवर, म्हणजे त्याच्या सिग्नलवर, आपण सांडत नाही ना ते बघणार, मग म्हणणार, “हां, एक एक डीबी वाढवा,” म्हणजे सिग्नलचा जोर थोडा थोडा वाढवा. तो माणूस दिल्लीच्या बाजूला कुठंतरी एसीत बसलेला, मी दोंडाईच्याच्या बसस्टँडमागं घामानं निथळत. पण तेवढ्या दोन मिनिटांत आमच्यात एक जवळीक असायची. तो मला माझ्या जिल्ह्याच्या नावानं ओळखायचा.

आणि मग थांबणं. उपग्रहाचं बुकिंग दहाचं, लाइव्ह साडेदहाला, आणि प्रत्यक्षात मुंबईत काहीतरी फुटलं की तुमचं नाव खाली, अजून खाली. शेवटी रात्री नऊला “तुम्ही पॅक अप करा.” थांबण्याच्या त्या तासांत मी हा मुलूख जितका पाहिला तितका फिरायला आलो असतो तर पाहिला नसता. यावलच्या बाजूला केळीच्या बागेतून सकाळी येणारा गारवा. चोपड्याच्या रस्त्यावर कापसानं भरलेल्या ट्रॅक्टरच्या मागं उडत राहणारे पांढरे पुंजके. भुसावळच्या यार्डात रात्री डबे जोडताना होणारा धाडकन आवाज, जो रिपोर्टरच्या माइकमध्ये हमखास शिरायचा. रस्त्याकडेच्या शेवभाजीचा तर्रीदार लाल रस्सा, जो खाऊन आमचा मुंबईचा कॅमेरामन दोन दिवस कुणाशी बोलला नाही.

टिकटॅक, म्हणजे अँकर आणि रिपोर्टरचे थेट सवालजबाब, चालू असताना रिपोर्टरच्या चेहऱ्यावर मधेच एक रिकामा क्षण यायचा, तो लोकांनी टीव्हीवर खूप पाहिलाय. अँकर प्रश्न विचारते आणि आपला माणूस नुसता मान हलवत उभा. लोक घरात बसून म्हणतात, याला काही येत नाही वाटतं. त्याला येत असतं. प्रश्न अजून वाटेत असतो. वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, प्रश्न जायचा आणि उत्तर यायचं म्हटलं तर अर्धा, शिवाय चित्र दाबायला आणि उलगडायला लागणारा वेळ वेगळा. बरेचदा तर प्रश्न उपग्रहानं येतच नसे, साध्या मोबाइलवरून कानातल्या बोंडात यायचा, चित्र मात्र उपग्रहानं जायचं, आणि दोघांचा मेळ बसायचा नाही. एका पोरानं मला यावर भारी उपाय सांगितला होता. प्रश्न येईपर्यंत “नक्कीच” म्हणत राहायचं. पुढं मी बघितलं, सगळेच म्हणतात.

२९ सप्टेंबर २०१०ला शहादा तालुक्यातल्या टेंभलीत देशातली पहिली आधार कार्डं वाटली. पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते, सोनिया गांधी आल्या होत्या. एवढ्याशा गावाच्या आभाळाकडे तोंड करून त्या दिवशी किती डिश उभ्या होत्या! सगळ्या एकाच दिशेला वाकलेल्या. जनरेटरच्या घरघरीत शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागत होतं. दुसऱ्या दिवशी सगळ्या गाड्या गेल्या. गावाची ओळख सांगताना लोक आजही ते लाइव्ह सांगतात, म्हणजे ज्या दिवशी बाहेरचे आपल्याला बघत होते तो दिवस. मला हे कधी छान वाटतं, कधी कसंसंच होतं.

पावसाळ्यात आमची खरी फजिती. तापीला पूर आला, हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडले, की मुंबईला तेच चित्र हवं, आणि आत्ता हवं. ते चित्र आहेही तसं. दरवाज्यांतून पांढरा फेस सुटतो, जमीन थरथरते, तुषार अर्धा फर्लांग लांब चेहऱ्यावर येतात आणि जिभेला मातीची चव लागते. पण आमचा सिग्नल १४ गिगाहर्ट्झवर वर जाणार. ही लहर जेमतेम दोन सेंटिमीटरची. टपोरा पाऊस तिला वाटेतच शोषतो, विखरून टाकतो. सी-बँड या दुसऱ्या पट्ट्यातल्या लांब लहरींना पावसाचं एवढं वावडं नाही, पण त्यांना डिश मोठी लागते, ती घेऊन कोण धावणार? त्यामुळं ढग गडद झाले की आमचा अॅनालायझरवरचा काटा खाली खाली बसत जायचा. पॉवर वाढवायची, आणखी वाढवायची, मग चित्राचे चौकोन व्हायचे, आणि काळं. पाऊस ओसरला की लिंक ठणठणीत. तोवर बातमीही ओसरलेली. टीव्हीवर तुम्ही धुवाधार पावसात छत्री धरून उभा असलेला रिपोर्टर बघता तेव्हा समजा, पाऊस तिथं पडतोय, पण डिशच्या वाटेत अजून पडलेला नाही.

मग बॅकपॅक आली.

पाठीवर घ्यायची पिशवी, आत एक एन्कोडर आणि वेगवेगळ्या कंपन्यांची पाच-सहा सिमकार्डं. ना डिश, ना जनरेटर, ना बुकिंग. मला ती समजली ती रावेरच्या केळीवरून. वखारीतून माल निघतो तो एका गाडीत मावत नाही, चार गाड्यांतून वेगवेगळ्या रस्त्यांनी जातो, कुणी आधी पोचतं, कुणी चेकनाक्यावर अडकतं, आणि दिल्लीच्या बाजारात बसलेला माणूस पावतीवरच्या नंबरानं परत एक लॉट जुळवतो. बॅकपॅकमध्ये चित्राचे असेच तुकडे होतात, प्रत्येकाला नंबर, जो सिमरस्ता मोकळा त्यावरून रवाना. स्टुडिओतला सर्व्हर ते क्रमानं लावतो, हरवलेला तुकडा परत मागवतो. या जुळवाजुळवीसाठी एक-दोन सेकंदांची उसंत हवी. ती दिली की चित्र सुरेख. रस्ते अरुंद झाले तर यंत्र आपोआप चित्र हलकं करतं, पण तुटू देत नाही. २०१६ला जिओ आल्यावर गावोगाव ४जीचे टॉवर दिसू लागले आणि आमची गाडी हळूहळू यार्डात उभी राहायला लागली. डिझेलचा खर्च वाचला, माणसंही वाचली. वाचली म्हणजे कमी झाली. तीन जणांचं काम एक पोरगा करू लागला.

पण बॅकपॅकला माणसांची गर्दी सोसत नाही हे मी सारंगखेड्याला पाहिलं. दत्तजयंतीची यात्रा, तापीचा काठ, एकमुखी दत्ताच्या दर्शनाची रांग, आणि घोडे. काळे, पांढरे, कबरे, मारवाडी, काठेवाडी. खुरांनी उडवलेली धूळ उन्हात सोनेरी दिसते आणि नाकात जाऊन बसते. रिकाम्या मैदानावर आदल्या दिवशी तपासलं तेव्हा सगळी सिमं हिरवी. यात्रेच्या दिवशी फोनच्या डोक्यावर पाचही दांड्या उभ्या, आणि वर काहीच जाईना. कारण टॉवर एक आणि त्याला टेकलेले हजारो फोन, आणि प्रत्येक जण नेमकं आमचंच काम करत होता. घोड्याचा व्हिडिओ मामाला, मामीला, ग्रुपवर. त्यात मोबाइलची यंत्रणा मुळात बघणाऱ्यांसाठी बांधलेली आहे, खाली यायला रुंद रस्ता आणि वर जायला गल्ली. जिथं दाखवण्यासारखं काही असतं तिथं माणसं जमतात, आणि माणसं जमली की दाखवणं अडतं. शेवटी आमचा पोरगा एका घराच्या गच्चीवर, यात्रेपासून लांब, जाऊन उभा राहिला. तिथून घोडे मुंग्यांएवढे दिसत होते. लाइव्ह झालं.

उपग्रहाला ही गर्दी कळत नाही. म्हणून जगात बातमीदार अजूनही छोटी उपग्रही यंत्रं जवळ ठेवतात. २००१मध्ये अफगाणिस्तानातून व्हिडिओफोनवर आलेली ती अडखळती, पुसट चित्रं आठवत असतील. २००५नंतर लॅपटॉपएवढं, उपग्रहावरून इंटरनेट देणारं बीजीएएन यंत्र आलं. ते आभाळाकडे धरायचं आणि २५६ केबीपीएसच्या चिंचोळ्या पाइपातून चित्र काढायचं. आपल्याकडे मात्र असं कुणी बॅगेतून आभाळ घेऊन फिरू शकत नाही. थुराया, इरिडियमचे उपग्रह फोन परवान्याशिवाय बाळगले तर गुन्हा. विमानतळावर परदेशी पाहुणे त्यापायी पकडले गेल्याच्या बातम्या येत असतात. २६/११च्या हल्लेखोरांनी उपग्रह फोन वापरला होता, आणि त्याच हल्ल्यात आमच्या धंद्यातल्या लाइव्ह चित्रांचाही त्यांना उपयोग होत असल्याचं पुढं आलं. २०१५पासून दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना तिचं थेट प्रक्षेपण करता येत नाही, नेमलेल्या अधिकाऱ्यानं दिलेल्या माहितीपुरतंच दाखवायचं. हा नियम बरोबरच आहे असं मला वाटतं. पण धडगावात रस्ता वाहून गेला, टॉवर बंद पडला, की तिथला तरुण वार्ताहर फोन हातात घेऊन काय करणार, हेही मनात येतंच.

याच्या बरोबर उलटं कधीतरी झालं होतं. १९७५-७६मध्ये साइट नावाच्या सरकारी प्रयोगात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २,४०० गावांत थेट टीव्ही उतरवला होता. जाळीच्या मोठ्या डिश, गावात एकच सेट, सगळं गाव समोर. महाराष्ट्र त्यात नव्हता. तेव्हा प्रश्न एकच होता, वरून खेड्यात कसं उतरवायचं. शेती, आरोग्य, शाळेचे धडे, सगळं खाली येणारं. खेड्यानं वर काही पाठवावं हे तेव्हाच्या यंत्रांना परवडणारंच नव्हतं. आमच्या गाड्यांनी तेवढं केलं, खेड्यातून वर नेलं. पण नेलं ते कुणी मागितलं म्हणून?

मुंबईच्या डेस्कला खानदेशातून काय लागायचं ते मला पाठ आहे. मार्च ते मे उन्हाचा पारा आणि केळी करपल्याची दृश्यं. जुलैला पूर. कधीही चालेल असं कुपोषण, त्यासाठी धडगाव-अक्कलकुवा. जळगावातलं राजकारण बारमाही. आणि होळीला काठी, “आदिवासींचा रंगतदार उत्सव” अशा मथळ्याखाली दीड मिनिट. त्या दीड मिनिटासाठी आम्ही रात्रभर थंडीत उभे होतो आणि नाचणारी माणसं त्याआधी कितीतरी दिवस व्रत पाळून होती. हा हिशोब डेस्कवरच्या कुणी मुद्दाम केलेला नसतो. त्यांच्याकडे तीस ठिकाणची चित्रं एका भिंतीवर चालू असतात, जे हलतं ते उचलतात. मी त्या भिंतीसमोर एकदा उभा राहिलोय. माझा जिल्हा त्यात बसच्या तिकिटाएवढा दिसत होता. रागही धरता येईना.

आता मी वाहिनीत नाही. शिरपूरच्या बाजूला भाड्यानं लाइव्ह करतो. हरिनाम सप्ताह, लग्नं, कुस्त्यांचे आखाडे, आणि श्रावणात कानबाई. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी वाजत गाजत नदीवर जाते. बघणारे बहुतेक सुरतचे. आमच्याकडची निम्मी गल्ली उधना-लिंबायतला राहते, साड्यांच्या कारखान्यांत, यंत्रमागांवर. सुट्टी मिळत नाही, गाडीला गर्दी, मग लिंक. माझ्याकडे जुनी बॅकपॅक आहे, तीन सिमं चालतात. मुंबईच्या डेस्कवरून मला कुणी कधी “जरा डावीकडे घे” म्हणालं तर ते फ्रेमसाठी असायचं. हे लोक खाली लिहितात, “भाऊ, मारुतीना पारकडे फिरवा, मनी माय तठे बशेल व्हई.” म्हणजे माझी आई तिथं बसली असेल. मी फिरवतो. बायका कॅमेऱ्याकडे बघून पदर सारखा करतात, कारण त्यांना नक्की माहीत असतं पलीकडे कोण आहे. आणि हो, मी एक टीव्ही भाड्यानं आणून मंडपातच लावतो. तेच चित्र, चार-पाच सेकंद मागं चाललेलं. पोरं आधी कॅमेऱ्यासमोर उडी मारतात, मग धावत टीव्हीकडे जातात, स्वतःची उडी बघायला. पोचतातही वेळेवर.

नोव्हेंबर २०२५मध्ये राज्य सरकारनं उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकशी इरादापत्र केलं, त्यात गडचिरोली, वाशिम, धाराशिव यांच्याबरोबर नंदुरबारचं नाव आहे. हे उपग्रह साधारण पाचशे किलोमीटरवरून जातात, म्हणून तो अर्ध्या सेकंदाचा रिकामा चेहरा जाईल. सपाट पाटासारखी डिश, ती स्वतःच आभाळभर उपग्रह शोधत राहते, जॅक नको, एनओसीच्या माणसाला फोन नको. फक्त तिला आभाळ सगळीकडून मोकळं हवं, दक्षिणेची एक फट पुरत नाही. सातपुड्याच्या दऱ्यांत ते कसं जमतं बघायचं. आणि मुख्य म्हणजे तिच्यातून वर जातं तसं खालीही येतं.

काठीच्या गुरुजींची बदली झाली, पण नंबर तोच आहे. ही बातमी वाचून मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, डिश यायची तेव्हा येईल, आधी लाइटचं बघा, नाहीतर ती चालवणार कशावर? मी म्हटलं जनरेटर आहे ना माझ्याकडे, टीव्ही पण आणतो, पुढच्या होळीला चौकात लावू. ते म्हणाले आणा की, पण रात्री बारानंतर त्याच्याकडे कुणी ढुंकून बघणार नाही, सगळे नाचत असतात. दिवसा लावा. डिझेल मात्र खालूनच भरून आणा, वर महाग पडतं.